टास्मानियापासून कॅलिफोर्नियापर्यंत : ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे रूपांतर

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात निवेदक वाचकाला बजावतो की, मंगळवासीयांना क्रूर ठरवण्यापूर्वी युरोपीय वसाहतकारांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची काय गत केली ते आठवावे. १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीचा खरा विषय परग्रह नव्हताच. साम्राज्याच्या राजधानीलगत, सरे परगण्यात राहणाऱ्या सुखवस्तू इंग्रजांना ‘जितां’च्या जागी उभे करणे, हा तिचा डाव होता.

१९५३ मध्ये जॉर्ज पाल (निर्माता) आणि बायरन हॅस्किन (दिग्दर्शक) यांचा चित्रपट आला. हक्क पॅरामाउंटकडे १९२०च्या दशकापासून पडून होते. पटकथाकार बॅरे लिंडन यांनी कथा समकालीन कॅलिफोर्नियात आणली आणि या स्थलांतरात टास्मानिया गळाला. आक्रमक कोण, याचे उत्तर आता फक्त ‘ते’ एवढेच उरले.

शस्त्रांचेच पाहा. वेल्स यांच्या तोफा एखादे तिपाई यंत्र तरी पाडतात. ‘थंडर चाइल्ड’ ही युद्धनौका बुडण्यापूर्वी शत्रूचा समाचार घेते. चित्रपटात अदृश्य कवचामुळे एकही यंत्र पडत नाही. अखेर अणुबाँब टाकला जातो, आणि धुरळ्यातून यंत्रे जशीच्या तशी पुढे सरकतात. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुचाचणी केल्यानंतरच्या अमेरिकी प्रेक्षकाला हे दृश्य काय वाटले असेल!

धर्माबाबतचा बदल मला सर्वांत बोलका वाटतो. कादंबरीतील धर्मोपदेशक भेदरट आणि स्वार्थी. त्याला गप्प करण्यासाठी निवेदकालाच हात उगारावा लागतो. पडद्यावरचे पास्टर कॉलिन्स मात्र स्तोत्र म्हणत निःशस्त्र यंत्रांना सामोरे जातात आणि भस्मसात होतात. शेवटही चर्चमध्ये, प्रार्थनेच्या सुरात. गंमत अशी की, सूक्ष्मजंतूंना ईश्वरी शहाणपणाचे देणे मानणारे वाक्य मुळात वेल्स यांचेच आहे. ज्या पुस्तकात धर्मोपदेशकाची अशी दैना होते, तेथे ते उपरोधाच्या काठावर उभे असते. चित्रपटात त्याची निखळ श्रद्धा होते.

तिपाई यंत्रांच्या जागी आलेली, पाकट माशासारखी पसरट तांब्याची याने मात्र अस्सल नवनिर्मिती होती. तारांवर टांगलेल्या या प्रतिकृतींमुळे चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. परिणामप्रमुख गॉर्डन जेनिंग्ज त्याआधीच निवर्तले होते. यानांचा आराखडा कलादिग्दर्शक अल नोझाकी यांचा. टोकियोत जन्मून बालपणीच अमेरिकेत आलेल्या नोझाकींना पर्ल हार्बरनंतर पॅरामाउंटने कामावरून काढले आणि सरकारने मांझानारच्या छावणीत स्थानबद्ध केले. युद्धानंतर ते त्याच स्टुडिओत परतले, आणि अमेरिकेवर चालून येणाऱ्या परक्यांना रूप देण्याचे काम त्यांच्याकडे आले.