कोविशिल्डमधला डीएनए पेशीच्या केंद्रकात कसा जातो? त्याने आपला डीएनए बदलतो का?

लसीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झाले असतील, तरच लोकलने प्रवास. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांना या अटीवर लोकल खुली झाली आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज मुंबई गाठणाऱ्यांसाठी लस म्हणजे कामावर परतण्याचा परवानाच ठरली.

देशात दिलेल्या डोसपैकी बहुतेक डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोविशिल्डचे होते. 'या लसीने माणसाचा डीएनए बदलतो' असे मेसेजही व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यात एक गोष्ट खरी आहे. कोविशिल्डमधला डीएनए पेशीच्या केंद्रकात जातो. पण केंद्रकात जाणं वेगळं आणि आपला डीएनए बदलणं वेगळं.

केंद्रकातच का जायचं?

कोविशिल्डमध्ये चिंपांझींमध्ये आढळणारा अडेनोव्हायरस वापरला आहे. वाढीसाठी लागणारा भाग काढून टाकल्यामुळे तो आपल्या शरीरात स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. त्याच्या डीएनएमध्ये कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनची माहिती जोडलेली असते. डीएनएवरची माहिती वाचून तिची आरएनए प्रत काढणारी आपल्या पेशीची यंत्रणा केंद्रकात असते. म्हणून हा डीएनए तिथे पोहोचावा लागतो.

प्रवास कसा होतो?

१. विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. पेशी त्याला एका छोट्या पिशवीत आत ओढून घेते.

२. विषाणूचं एक प्रोटीन ही पिशवी फोडतं आणि तो बाहेर पडतो.

३. पेशीत सूक्ष्म नलिकांचं जाळं असतं. डायनीन नावाचं प्रोटीन या नलिकांवरून माल वाहून नेतं. रुळांवरून लोकल धावावी तसा विषाणू त्यावरून केंद्रकाजवळ पोहोचतो.

४. केंद्रकाच्या आवरणात हजारो छिद्रं असतात. त्यांतून साधारण ४० नॅनोमीटरपर्यंतच्याच वस्तू जाऊ शकतात आणि अडेनोव्हायरस सुमारे ९० नॅनोमीटरचा असतो. म्हणून त्याचं कवच दारातच फुटतं आणि फक्त डीएनए आत जातो.

बाकीचे विषाणू काय करतात?

हर्पीसचा विषाणू छिद्राला चिकटून डीएनए आत सोडतो, कवच बाहेरच राहतं. हिपॅटायटिस बीचं कवच लहान असल्याने ते अखंड छिद्रात शिरू शकतं. एचपीव्ही पेशीचं विभाजन होण्याची वाट पाहतो, कारण तेव्हा केंद्रकाचं आवरण काही काळ विरघळतं. देवी आणि एमपॉक्सचे विषाणू केंद्रकात जातच नाहीत. लागणारी यंत्रणा ते सोबत आणतात.

मग आपला डीएनए बदलतो का?

नाही. लसीतला डीएनए केंद्रकात आपल्या गुणसूत्रांपासून वेगळा राहतो. एचआयव्हीकडे स्वतःची जनुकं माणसाच्या गुणसूत्रात जोडणारं इंटिग्रेज हे एन्झाइम असतं. अडेनोव्हायरसकडे ते नाही. पेशी नष्ट झाली की हा डीएनएही जातो. मागे राहते ती स्पाइक ओळखणारी प्रतिकारशक्ती.

या लसीनंतर अत्यंत दुर्मीळ प्रमाणात रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं आढळलं आहे. मात्र त्याचं कारण डीएनए बदलणं हे नाही. रक्तातल्या पीएफ४ या प्रोटीनविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीजमुळे ते होतं.

खरा धोका कुठे आहे?

हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीचा डीएनए मात्र काही वेळा आपल्या गुणसूत्रात घुसतो. यकृताच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. या दोन्हींवर लस आहे आणि तिच्यात विषाणूचा डीएनए नव्हे, तर फक्त त्याचं प्रोटीन वापरलं जातं. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. म्हणजे डीएनएची काळजी असेल, तर या लसी टाळण्यात नाही, घेण्यातच शहाणपण आहे.