हंडा आणि समंध: ओस वाड्यांच्या दंतकथांमागचा इतिहास

देशावर ज्या गावात एखादा जुना, कुलूपबंद वाडा पडक्या अवस्थेत उभा असतो, त्या गावात त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: वाड्यात कुठेतरी मोहरांचा हंडा पुरलेला आहे, आणि त्या हंड्यावर कोणाची तरी राखण आहे. ही राखण कुठे नागाची असते, कुठे मुंजाची, तर कुठे समंधाची. तपशील बदलतो, पण धन आणि भूत ही जोडी सहसा फुटत नाही. अशा कथांना खुळचट समजुती म्हणून निकालात काढण्याची रीत आहे आणि त्यांतून घडलेले अनर्थ पाहता ती समजण्यासारखीही आहे. तथापि ज्या घरांभोवती आणि ज्या काळाभोवती या कथा रचल्या गेल्या, तो काळ कागदपत्रांच्या आधारे तपासला, तर त्यांच्या तळाशी दोन ठोस अनुभव आढळतात. धन पुरून ठेवणे ही एके काळची व्यवहारी गरज होती, आणि ज्या घरांत अन्यायाने माणसे मेली किंवा वंश खुंटला, त्या घरांचा हिशेब समाजाच्या लेखी कधी पुरा झाला नव्हता.

या कथांची परिभाषा नेमकी आहे. मुंज झालेला पण लग्न न झालेला ब्राह्मण मुलगा मेला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असे मानले जाते. समंध हा बहुधा निपुत्रिक किंवा धनलोभी माणसाचा आत्मा असतो आणि वासना पैशात गुंतल्यामुळे तो ठेव्याजवळून हलत नाही. पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेली व्यक्ती, डोळ्यांत विशिष्ट अंजन घातल्यास जमिनीखालचे धन पाहू शकते, अशी समजूत आहे. शिवाय हंडा एका जागी राहत नाही, रात्री तो जमिनीखालून सरकतो आणि त्याचा खणखणाट ऐकू येतो. ज्याच्या नशिबात तो नाही त्याने उघडला, तर आत कोळसे निघतात. शोध फसला तरी कथा खोटी ठरू नये, अशी सोय तिच्या रचनेतच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या खणूनही हाती काही न लागलेल्या वाड्यांची कीर्ती ओसरत नाही ती त्यामुळेच.

धन पुरण्याची गरज का पडली, हे पाहायला अठराव्या शतकातले पुणे पुरेसे आहे. सावकारी पेढ्या होत्या, हुंडीने दूरच्या गावी रक्कम पोचती करता येत असे. परंतु साठवणीची संपत्ती नाणी, दागिने आणि भांडी यांच्याच रूपात घरात राहत असे, आणि शहर लुटले गेले की ती घराबरोबर जात असे. १७६३ साली निजामाच्या फौजा पुण्यात शिरल्या, तेव्हा खंडणी न भरणाऱ्यांची घरे पाडली आणि जाळली गेली. १७९८ साली दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने फौजेच्या खर्चासाठी पुण्यातील सावकारांकडून आणि कारभाऱ्यांकडून पैसा काढताना माणसाला तापलेल्या तोफेवर बांधण्यापर्यंत मजल मारली, आणि त्या छळात माणसे दगावल्याची नोंद मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याने केली आहे. चारच वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर विजयी झाले आणि शहरावर पुन्हा वसुलीचा वरवंटा फिरला. चाळीस वर्षांत तीन वेळा असा प्रसंग पाहिलेल्या गावात ज्याच्याकडे काही होते त्याने ते नजरेआड केले नसते, तरच नवल. छळाखाली मेलेल्या माणसाने जागा सांगितली नसेल, तर ती जागा त्याच्याबरोबरच गेली. धन्याचा आत्मा ठेव्यावर बसून राहतो ही कल्पना या वस्तुस्थितीपासून फारशी दूर नाही.

वाड्याची रचना या कामाला सोयीची होती. जाड भिंतींच्या पोटात धान्यासाठी केलेल्या पोकळीला बळद म्हणतात. तिचे तोंड वरच्या बाजूला लहानसे असते आणि ते बंद करून लिंपले की भिंत सलग दिसते. जमिनीत खणलेले धान्याचे पेव, तळघर, देवघराच्या कोनाड्यामागची चोरजागा, जिन्याखालचा कप्पा, अशा जागा जवळपास प्रत्येक मोठ्या वाड्यात असत. त्यातील बहुतेक धान्यासाठी, तुपाच्या बुधल्यांसाठी आणि वापरात नसलेल्या भांड्यांसाठी होत्या. परंतु दोन पिढ्यांनंतर ज्याला बळद ही गोष्टच ठाऊक नाही, अशा माणसाने भिंतीवर हात आपटला आणि आतून पोकळ आवाज आला, तर तो धान्याचा विचार करीत नाही. भुयारांच्या कथाही पुष्कळदा अशाच जन्मल्या असाव्यात: तळघराचे ढासळलेले तोंड किंवा पाणी वाहून नेणारा दगडी नळ दिसला, की तो थेट जवळच्या किल्ल्यापर्यंत जातो असे सांगितले जाते.

१८१८ नंतर या कथांना राजकीय बळ मिळाले. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी वारले, तेव्हापासूनच त्यांच्या द्रव्याचा शोध दुसरा बाजीराव आणि शिंदे या दोघांनाही लागून राहिला होता, आणि नानांच्या विधवेचा, जिऊबाईंचा, पुढचा काळ त्या संशयाच्या छायेतच गेला. पेशवाई बुडाल्यावर हीच नजर इंग्रजांची झाली. १० मे १८१८ रोजी रायगड पडला, तेव्हा किल्ल्यावर सुमारे ५ लाख रुपये रोख सापडले. त्याच किल्ल्याचा किल्लेदार आणि पेशव्यांचा खजिनदार नारो गोविंद औटी याच्याजवळचा पैसा हा खरा पेशव्यांचाच असून त्याने तो दडवला आहे, असे ठरवून पुण्याचा हंगामी कलेक्टर रॉबर्टसन याने तो जप्त केला. औटीच्या वारसदारांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, पण १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्ध पुरते संपलेले नसताना केलेल्या जप्तीबद्दल दिवाणी न्यायालयाला विचार करता येणार नाही, असे कारण दिले. दडवलेले धन खासगी की सरकारी, या एका प्रश्नावर पुण्यातल्या घरातून निघालेला वाद साता समुद्रांपलीकडे गेला होता. पेशव्यांचा खजिना अजून कुठेतरी पडून आहे, असे मानणारा भाबडा शेतकरी एकटा नव्हता. नवे राज्यकर्तेही तेच मानत होते.

एका ठिकाणी तर ते खरेही ठरले. बाजीराव ३ जून १८१८ रोजी शरण आला आणि वर्षाला ८ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, राहू लागला. १८५१ मध्ये तो वारल्यावर तिथला वाडा दत्तकपुत्र नानासाहेबांकडे आला. १८५७ च्या जुलैमध्ये कानपूर हातचे गेल्यावर नानासाहेब निघून गेले आणि वाडा इंग्रजांच्या हाती पडला. डिसेंबरमध्ये इंग्रज सेनानी होप ग्रँट याच्या तुकडीने त्या उद्ध्वस्त वाड्यातली एक विहीर उपसायला घेतली. विहिरीत लाकडाचे मोठमोठे ओंडके टाकलेले होते, पाणी पुन्हा पुन्हा भरत होते, आणि सतत उपसा चालू ठेवल्यावर तळाशी सोन्याचांदीची भांडी व नाणी मिळाली. हे काम पाहणारा तरुण अधिकारी रॉबर्ट्स पुढे सरसेनापती झाला आणि त्याने आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले. ओसाड वाड्याच्या विहिरीत धन आहे, ही सर्वांत जुनी आणि सर्वांत ठोकळेबाज कथा मराठ्यांच्या शेवटच्या दरबाराच्या बाबतीत अक्षरशः घडलेली आहे.

भुताच्या बाजूने पाहायचे तर पुण्याच्या शनिवारवाड्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातलेल्या आणि १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी, म्हणजे पेशव्यांच्या पगारी पहारेकरी शिपायांनी, अठरा वर्षांच्या नारायणरावाचा खून केला. पगाराच्या थकबाकीचा दंगा, चुलता रघुनाथराव याची फूस, आणि त्याची पत्नी आनंदीबाई हिने 'धरावे'चे 'मारावे' केल्याची गोष्ट, हे सारे सर्वश्रुत आहे. यातील अक्षर बदलण्याची गोष्ट कागदाने सिद्ध झालेली नाही. 'काका, मला वाचवा' ही हाक अजून रात्री ऐकू येते, असे म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच वाड्यात नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये माडीवरून पडला आणि दोन दिवसांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मरण पावला. तोही मृत्यू अकाली होता, त्यानेही घराण्याचा घात झाला, तरी त्याची हाक कोणी ऐकत नाही. फरक अपराधाचा आहे. नारायणरावाच्या खुनाबद्दल न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि ते मानले जात नाही असे पाहून पुणे सोडले, अशी परंपरा आहे. ज्या मृत्यूचा न्याय झाला नाही त्याची हाक लोकांनी जपली. जो अपघात किंवा दुर्दैव मानला गेला त्याची जपली नाही. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीने आतील इमारती गेल्या, आणि उरलेला भलामोठा रिकामा तट त्या हाकेला पुरेसा ठरला.

खेड्यांतले वाडे ओस पडले ते इतक्या नाट्यमय रीतीने नव्हे. मुलगे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेले, भाऊबंदकीच्या दाव्यांत वाड्याला कुलूप लागले, गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ च्या जाळपोळीनंतर दक्षिण महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबे परतली नाहीत, आणि कूळकायदा व इनामे खालसा करणारे कायदे यांनी वाडा पोसणारे उत्पन्नच संपवले. मालक घाईने गेला म्हणजे सोने मागे राहिले असणार, असा तर्क गावाने बांधला. त्यानंतरचे काम पावसाने केले. छपराची कौले सरकली की भिंतीच्या माथ्यावर माती भिजते, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी त्या फटीत रुजते, आणि चार-पाच पावसाळ्यांत त्याची मुळे चुन्याच्या सांध्यांतून खाली उतरतात. पिंपळ तोडायला कोणी धजत नाही, त्यामुळे तो वाढत राहतो, मुळांनी फुगलेली भिंत रात्री-बेरात्री ढासळते, कडीपाटातून वटवाघळे उठतात, आणि पिंपळ म्हटला की मुंजा आलाच. वाडा पडतो म्हणून पिंपळ येतो हा क्रम विसरला जाऊन मुंजामुळे वाडा पडला, असा उलटा क्रम रूढ होतो.

कायद्याने या विषयाची दखल फार पूर्वी घेतली. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाविषयीच्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो कलेक्टरला कळवावा लागतो. ठेव्याला धनी नाही असे ठरले आणि जागामालकाशी वेगळा करार नसला तर तीन हिस्से ठेवा शोधणाऱ्याला व एक हिस्सा जागामालकाला मिळतो, आणि ठेवा लपवणे हा गुन्हा आहे. इतिहासाचे भाग्य अशा कळवलेल्या ठेव्यांनी अनेकदा उजळले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची असून त्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता, आणि सातवाहनांच्या विजयाचा एवढा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कशानेही दिला नसता. मात्र मांत्रिकाच्या सांगण्यावरून चोरून केलेल्या खोदाईने असे काहीच दिलेले नाही; दिले ते बळी. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात मुली आणि स्त्रिया यांच्या ज्या हत्या झाल्या, त्या संततीसाठी व गुप्तधनासाठी पिंपळावरच्या मुंजाला दिलेले बळी होते, अशी फिर्यादी पक्षाची मांडणी होती आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो अशा अनुभवांमुळेच. या कथांविषयी कितीही जिव्हाळा बाळगला, तरी त्या मुलींना विसरून त्यांचा इतिहास लिहिता येणार नाही.

या खोदाईत आणखी एक नुकसान होत आले आहे. वाड्यांतून खरोखर दडवून ठेवलेली एक वस्तू म्हणजे कागद. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने जमिनींच्या सनदा तपासायला घेतल्या, तेव्हापासून कागद दाखवणे धोक्याचे वाटू लागले, आणि पुष्कळ घरांनी मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, माळ्यावर आणि पेटाऱ्यांत कायमचे बंद केले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला, तो अशाच घरोघरी पडून असलेल्या कागदांच्या बळावर. वाळवीने खाल्लेले आणि वाण्याच्या दुकानी रद्दीत गेलेले कागद पाहून त्यांचा जीव तुटत असे. हंड्याच्या आशेने देवघराची फरशी उखडणाऱ्याच्या दृष्टीने असा पेटारा म्हणजे अडचण असते. तो चौकात फेकला जातो आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो.

नाना फडणवीसांच्या द्रव्याचा शोध पुष्कळ काळ चालला. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, त्यांचा वाडा अजून उभा आहे. त्या वाड्यातून जे निघाले ते त्यांचे दफ्तर होते: पत्रे, जमाखर्च, वकिलांनी दरबारोदरबारांहून धाडलेली बातमीपत्रे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहातून ते साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात आणि तेथून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, आणि मोडी वाचता येणाऱ्या अभ्यासकांसाठी त्या रुमालांच्या गाठी तेथे सोडल्या जातात.