सरपणाचं पानिपत : १७६१ची छावणी आणि आजचं घरचं बिल



पानिपत शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर काला अंब नावाची जागा आहे. तिसऱ्या लढाईत इतकं रक्त सांडलं की इथलं आंब्याचं झाड काळं पडलं, अशी लोककथा आहे. पुढे ते झाड वठलं, त्याचं लाकूड पंडित सुगनचंद रईस नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं आणि त्याचे नक्षीदार दरवाजे करवून घेतले, असंही सांगतात. आज तिथे झाड नाही, स्मारकाचा स्तंभ आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आणि हरियाणातल्या रोड मराठा समाजातून माणसं तिथे येतात, माती कपाळाला लावतात.

त्या झाडाचं लाकूड लोकांनी जपून ठेवलं. पण १७६०च्या हिवाळ्यात याच परिसरात लाकडासाठी हजारो मराठी माणसं मेली, हे आपण फारसं सांगत नाही. तलवारीनं मेलेल्यांचे पोवाडे झाले, सरपण आणायला गेलेल्यांचे झाले नाहीत. आज त्यांच्याबद्दल बोलू. कारण गॅसची टाकी संपली की आपण जो हिशोब मांडतो, तोच हिशोब त्या छावणीत अडीच महिने चालला होता.

छावणी म्हणजे चालतं शहर

मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ परतूडहून उत्तरेकडे निघाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा पडलं. तिथे धान्याचा मोठा साठा मिळाला. पण त्याच महिन्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या मागे, दिल्लीच्या रस्त्यावर येऊन बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मराठ्यांनी पानिपतला खंदक खणून तळ ठोकला. आता मराठे उत्तरेला आणि अफगाण दक्षिणेला. घरी परतायची वाट शत्रूच्या तंबूंमधून जात होती.

या तळावर नुसते शिपाई नव्हते. बायकामुलं होती, यात्रेकरू होते, न्हावी, लोहार, भिश्ती, घासवाले, वाणी होते. आपल्या इतिहासात त्यांना 'बुणगे' म्हणतात. अठरा वर्षांचे नाना फडणीस आई आणि पत्नीसह याच तळावर होते. नेमकी माणसं किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण आकडा लाखाच्या घरातच धरतात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी सरकारी रसद खातं आजच्यासारखं नव्हतं. सैन्याबरोबर बाजार चालायचा. बंजारे बैलांवरून धान्य आणायचे, वाणी विकायचे, आणि शिपाई आपल्या पगारातून पीठ, मीठ, दाणा, सरपण विकत घ्यायचा. म्हणजे छावणीत प्रत्येक राहुटीचं स्वतंत्र घरखर्चाचं खातं होतं. पगार थकला आणि भाव चढले की ताण थेट चुलीवर यायचा, अगदी आपल्यासारखाच.

धान्य आहे, भाकरी नाही

पानिपतच्या उपासमारीची गोष्ट आपल्याला माहीत असते. पण नुसत्या धान्याची भाकरी होत नाही, त्याला जाळ लागतो. आपण एक ढोबळ हिशोब करू. माणशी दिवसाला अर्धा किलो लाकूड धरा, तेही काटकसरीनं. एक लाख माणसांना रोज पन्नास टन. एका बैलगाडीत अर्धा टन मावतो असं मानलं, तर रोज शंभर गाड्या. १ नोव्हेंबर ते १३ जानेवारी हे ७४ दिवस. सगळे मिळून ३,७०० टन. हा फक्त स्वयंपाकाचा हिशोब झाला. यात उत्तरेतल्या थंडीच्या शेकोट्या नाहीत, लोहाराची भट्टी नाही, रोजच्या चकमकीत पडलेल्यांच्या चिता नाहीत.

आता ही माणसं आली कुठून? दख्खनमधून, माळव्यातून. पुण्याची थंडी सोसलेल्या माणसाला पौषातली पानिपतची रात्र म्हणजे काय, ते दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा. शेकोटी ही तिथे हौस नव्हती.

इतकं जळण पुरवायचं कसं? आसपासची झाडं पहिल्या काही आठवड्यांत संपणार हे उघड होतं. दुसरा मार्ग शेणाचा. हरियाणात आजही शेणाचे उपले थापतात आणि त्यांचा 'बिटौडा' रचून ठेवतात, त्यावर बाहेरून छान नक्षीही काढतात. छावणीत जनावरं हजारोंनी होती, मग शेणाला काय तोटा? पण धुक्याच्या दिवसांत गोवरी वाळत नाही, आणि चारा नसलेलं जनावर शेण तरी किती देणार? म्हणजे चारा तुटला की जनावर खंगतं, जनावर खंगलं की गोवरी कमी आणि ओढायला बैलही नाही, बैल नाही म्हणून लांबचं लाकूड आणता येत नाही. एक टंचाई दुसरीला हात धरून घरात आणते. आजही डिझेल वाढलं की भाजी वाढते, ती याच रीतीनं.

रस्ता तुटला

पानिपतच्या आसपास लाकूड नव्हतं असं नाही, धान्यही नव्हतं असं नाही. पतियाळाच्या आला सिंहाकडून मराठ्यांना धान्य येत होतं. गंगा-यमुनेच्या दुआबात गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, त्यामुळे काही काळ अफगाण छावणीतही महागाई झाली. पण डिसेंबरमध्ये गोविंदपंत मारले गेले. दुआब अब्दालीला मोकळा झाला. नजीबखानाचा रोहिलखंड त्याच्या पाठीशी होताच. मराठ्यांभोवती मात्र अफगाण स्वारांच्या गस्ती रात्रंदिवस फिरू लागल्या. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन येणारी मराठ्यांची तुकडी अंधारात वाट चुकून शत्रूच्या तळात शिरली आणि कापली गेली.

म्हणजे वस्तू होती, पैसाही कुठे कुठे होता, पण दोघांना जोडणारा रस्ता नव्हता. इंधनाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. इंधनाचा भाव जमिनीत किंवा जंगलात ठरत नाही, तो रस्त्यावर ठरतो.

आणि मग ती रात्र. शुजाउद्दौलाच्या नोकरीत काशीराज नावाचा मराठी कारकून होता. लढाई त्यानं समोरच्या बाजूनं पाहिली आणि पुढे फारसीत लिहून ठेवली. तो सांगतो की मराठी छावणीतले सुमारे वीस हजार बिनलढाऊ लोक एका रात्री लाकूड तोडायला लांबच्या जंगलात गेले. शाह पसंदखानाच्या गस्तीच्या स्वारांनी त्यांना गाठलं आणि कापून काढलं. वीस हजार हा आकडा फुगलेला असेल. तो निम्म्यानं कमी करा, आणखी निम्म्यानं करा. तरीही ती कत्तलच उरते. त्यांच्या हातात भाले नव्हते, कुऱ्हाडी आणि दोरखंड होते.

हे लोक रात्री का गेले? दिवसा गस्त दिसली असती. हेच का गेले? कारण सरदाराच्या तंबूत जळण विकत आणायला किंवा हुकमानं मागवायला कुणीतरी होतं. ज्याच्याकडे दाम नव्हता, त्यानं जीव गहाण टाकला.

१३ जानेवारीला शिपाई भाऊंकडे गेले. दोन दिवस पोटात काही नाही, असं मरण्यापेक्षा लढून मरू, असं त्यांचं म्हणणं होतं. उरलंसुरलं धान्य वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी काय झालं ते आपल्या भाषेनंच वाक्प्रचार करून ठेवलं आहे.

लढाईनंतर सावकारी पत्रातून दक्षिणेत खबर आली. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे सामान्य माणसं, आणि त्या खुर्द्यातली पहिली नाणी लढाईच्या आधीच लाकडाच्या मोळीपायी गेली होती.

त्याच जमिनीवर आज

आता त्याच पानिपतात या. बाहोलीला इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९९८ पासून चालू आहे. त्याला लागणारं कच्चं तेल गुजरातमधल्या मुंद्रा बंदरातून नळानं येतं. आसन गावाजवळचं औष्णिक वीज केंद्र १९७९ पासून वीज करतं, त्याचा कोळसा पूर्व भारतातून रेल्वेनं येतो. जिथे मोळीसाठी माणसं मेली, तिथून आज अर्ध्या उत्तर भारताला इंधन जातं. तरीही त्याच गावातल्या घरात बिलाची काळजी आहेच. का? कारण रस्ता अजूनही लांब आहे, किंबहुना जास्तच लांब झाला आहे.

घरगुती गॅस घ्या. आपल्याला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे साठ टक्के बाहेरून येतो, त्यातला बराचसा आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून. त्याचा भाव सौदी अरेबियाच्या मासिक दराला बांधलेला. दिल्लीत नोव्हेंबर २०२० मध्ये १४.२ किलोची टाकी ५९४ रुपयांना होती. मार्च २०२३ मध्ये ती १,१०३ झाली. ऑगस्ट २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये कपात होऊन ८०३ वर आली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ८५३ झाली. युक्रेनमध्ये तोफा वाजल्या आणि त्याचा ठोका पानिपतच्या, पंढरपूरच्या, इंदूरच्या स्वयंपाकघरात ऐकू आला.

विजेचंही तेच. महावितरणचं बिल हातात घ्या. त्यात वीज आकार आहे, स्थिर आकार आहे, विजेच्या तारांचा म्हणून वहन आकार आहे, वर वीज शुल्क, आणि मधूनमधून येणारा 'इंधन समायोजन आकार'. शेवटची ओळ नीट वाचा. कोळसा महागला किंवा लांबून आणावा लागला, तर तो फरक तुमच्याकडून नंतर वसूल होतो. २०२२च्या उन्हाळ्यात देशी कोळसा पुरेना, तेव्हा केंद्रानं वीज कंपन्यांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं होतं. समुद्रापलीकडच्या खाणीचं भाडं असं आपल्या बिलात उतरतं. त्यात उन्हाळे तापत चालले आहेत. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तो तेव्हाचा विक्रम होता. जास्त युनिट म्हणजे वरचा टप्पा, आणि वरच्या टप्प्याचा दरही जास्त. बिल दुहेरी वाढतं.

माणसं काय करतात

१७६० मध्ये जे केलं तेच, फक्त जीव जात नाही म्हणून ते दिसत नाही. उज्ज्वला योजनेनं २०१६ पासून कोट्यवधी घरांत टाकी पोचवली, हे मोठं काम झालं. पण त्या घरांत २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच टाक्या भरल्या जात होत्या. पुढे अनुदान आलं, ते ३०० रुपयांपर्यंत वाढलं, तेव्हा २०२४-२५ पर्यंत हा आकडा साडेचारच्या जवळ गेला. मध्यमवर्गीय घराला टाकी महिना-दीड महिना पुरते. मग उरलेले महिने? चहा आणि पाहुणे गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही. खुर्द्याची मोजदाद आजही होत नाही, ती अशी.

दुसरा उपाय मागणी घटवण्याचा. सूरजमल जाटानं भाऊंना सांगितलं होतं म्हणतात, की बायकामुलं आणि अवजड सामान मागे किल्ल्यात ठेवा, हलकं होऊन लढा. तो सल्ला मानला असता तर रोजच्या शंभर गाड्यांच्या तीस-चाळीस झाल्या असत्या. घरच्या भाषेत सांगायचं तर एलईडी दिवे, कमी वीज खाणारा पंखा, डाळ भिजवून कुकरला लावणं, एसी सव्वीसवर ठेवणं. आणि पानिपतच्याच गिरण्यांत जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यापासून विणलेलं स्वस्त ब्लँकेट हीटरचं बिल वाचवतं.

तिसरा उपाय रस्ता आखूड करण्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. छतापासून पंख्यापर्यंतचा रस्ता कुठलीही फौज तोडू शकत नाही. पानिपतच्या रिफायनरीजवळ ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पराळीपासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला, तोही त्याच विचाराचा. पण इथेही प्रश्न जुनाच आहे. छत कुणाकडे आहे? भाड्याच्या खोलीत राहणारा, झोपडीत राहणारा, चाळीत एका मीटरवर चार घरं असलेला माणूस पॅनेल कुठे लावणार? टंचाईत ज्याच्याकडे दाम होता त्याला जळण मिळालं, तसं स्वस्ताईतही ज्याच्याकडे छत आहे त्यालाच स्वस्त वीज, असं होऊ द्यायचं का?

पानिपतचा धडा म्हणून आपण फितुरी, फाजील आत्मविश्वास, एकी नसणं असं पुष्कळ सांगतो. त्यात हाही एक जोडा. फौजेचे हत्ती-घोडे आपल्याला बखरींत मोजलेले सापडतात, पण चुलीला रोज काय लागतं आणि ते आणायला कोण जातं, हे कुणी मोजलेलं सापडत नाही. काला अंबला गेलात तर स्तंभापुढे हात जोडताना भाऊंबरोबर त्या मोळीवाल्यांनाही आठवा. आणि पुढचं बिल आलं की रकमेच्या आधी त्यातली इंधनाची ओळ शोधा. तुमच्या घरापर्यंतचा रस्ता किती लांब आहे, ते तिथे लिहिलेलं असतं.