गाविलगडाखालचे एकोणीस दिवस

फोनवर अधूनमधून एक चाचणी समोर येते: 'तुम्ही कोणत्या प्रकारचे नेते आहात?' दहा-बारा प्रश्न असतात आणि शेवटी एक रंगीत पट्टी. कोणी 'हुकूम सोडणारा', कोणी 'सगळ्यांना विचारून चालणारा', कोणी 'प्रेरणा देणारा'. कॉलेजातल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरातही थोड्याफार फरकानं हेच चालतं. कमी बोलणाऱ्या मुलीच्या वाट्याला बहुधा 'उत्तम सहकारी' येतं आणि त्यातून तिला जे समजायचं ते ती समजून घेते.

अशा वर्गवारीची सुरुवात शास्त्रीय होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर शाळकरी मुलांच्या मंडळांवर प्रयोग करून नेतृत्वाच्या तीन पद्धती मांडल्या. पुढे १९६० च्या दशकात फ्रेड फीडलरनं एक खडूस वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा आणला. माणसाची पद्धत सहजी बदलत नाही, म्हणून तो चांगला नेता आहे का, हे विचारण्याआधी तो कुठे उभा आहे ते पाहा, असं त्याचं म्हणणं. फोनवरच्या चाचणीत नेमका हाच प्रश्न नसतो.

हा प्रश्न तपासायला मला अचलपूरचा परिसर फार सोयीचा वाटतो. २९ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १८०३ या एकोणीस दिवसांत आडगाव, अचलपूर, गाविलगड आणि देवगाव एवढ्याच टापूत चार-पाच निरनिराळ्या स्वभावांची माणसं एकाच वेळी कसाला लागली. आपल्याकडे हा इतिहास 'दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, मराठे हरले' एवढ्या एका ओळीत आटोपतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सप्टेंबरात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना आर्थर वेलस्लीनं हरवलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस शिंद्यांशी तात्पुरता तह झाला, पण त्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, असं म्हणत वेलस्ली वऱ्हाडात उतरला. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज त्याला येऊन मिळाली. अचलपूरचा नवाब सलाबतखान निजामाच्या बाजूचा, म्हणजे याही बाजूचा. समोर रघुजी भोसल्यांची फौज होती, तिचा सरदार रघुजींचा भाऊ व्यंकोजी उर्फ मन्याबापू, आणि जोडीला शिंद्यांचं घोडदळ.

वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. पण लहानपणी हा मुलगा लाजरा, एकलकोंडा आणि व्हायोलिनमध्ये रमणारा. लष्करात भरती होण्यापलीकडे तो कशाच्याच कामाचा नाही, असं त्याच्या आईचंच मत होतं. १७९३ च्या सुमारास त्यानं आपली व्हायोलिनं जाळून टाकली, असं सांगतात. त्याचा थोरला भाऊ हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होता, हेही विसरू नये. 'शून्यातून घडलेला नेता' वगैरे भाषणं इथं चालत नाहीत.

त्याची पद्धत एका वाक्यात सांगायची तर, सगळं स्वतः पाहायचं. तांदूळ किती, बैल किती, बैलांचे पाय शाबूत आहेत का, नदीला उतार कुठं आहे. भाषणबाजी त्याला जमत नसे आणि आवडतही नसे. शिपायांनी त्याच्यावर प्रेम करावं, अशी त्याची अपेक्षा नव्हती. वेळेवर रेशन मिळालं की शिपाई चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२९ नोव्हेंबरची दुपार. आडगाव आज अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात आहे. वऱ्हाडात त्या दिवसांत ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते. तशाच उंच उभ्या पिकातून इंग्रजांची लांब रांग सिरसोली गावाजवळ बाहेर पडली आणि मन्याबापूच्या तोफांच्या टप्प्यात आली. पहिल्याच मारात तीन देशी पलटणी फुटल्या आणि मागं पळाल्या. हेच शिपाई दोन महिन्यांपूर्वी असईच्या कितीतरी भयंकर माऱ्यात पाय रोवून उभे होते.

पळणाऱ्या माणसांसमोर नेता काय करतो, यावरून त्याची पद्धत कळते. वेलस्ली जवळच होता. त्यानं आधी त्यांना तिथंच थोपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग तो अडून बसला नाही. या लोकांना गावाच्या आड, तोफा पोहोचणार नाहीत अशा जागी न्या आणि तिथं पुन्हा रांगा लावा, असं त्यानं अधिकाऱ्यांना सांगितलं. रांगा लागल्यावर तो त्यांना घेऊन परत मैदानात आला. दिवस मावळायच्या सुमारास लढाई संपली तेव्हा ३८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या आणि चांदण्यात पाठलाग सुरू होता. आपण तिथं नसतो तर आजचा दिवस हातचा गेला असता, असं त्यानं नंतर एका पत्रात लिहिलं.

या पत्रात आढ्यता आहे, पण ती खोटी नाही. मैदानी लढाईत, जिथं सगळं नजरेच्या टप्प्यात असतं, तिथं 'मी स्वतः हजर असणार' हा स्वभाव तोफखान्याइतकाच कामाचा.

आता गाविलगड. चिखलदऱ्याला पावसाळ्यात फिरायला गेलेल्यांनी तो धुक्यात पाहिलेला असतो. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाहनं बांधलेला हा किल्ला दक्षिणेकडून, म्हणजे अचलपूरच्या बाजूनं, सरळ कड्यावर उभा आहे. जमिनीनं जोडलेली बाजू उत्तरेची, आणि तिथं पोहोचायचं तर मेळघाटच्या डोंगरांतून मोठा वळसा घालावा लागतो. आडगावातून निसटलेले बरेच शिपाई या किल्ल्यात जमले होते.

वेलस्लीनं अचलपुरात इस्पितळ उभारलं, दोन्ही फौजांच्या तयारीची विभागणी केली, आणि एक निर्णय घेतला, जो माझ्या मते या सगळ्या मोहिमेतला सर्वांत मोठा. उत्तरेची अवघड आणि निर्णायक वाट त्यानं स्टीव्हन्सनला दिली. स्वतः दक्षिणेला, देवगावाकडे, पायथ्याशी थांबला.

स्टीव्हन्सन आजारी होता, इतका की आडगावच्या लढाईत तो घोड्यावर बसू शकला नव्हता, हत्तीवरून हुकूम देत होता. मग त्यालाच का? त्याची फौज असीरगडसारखे किल्ले घेऊन आली होती, किल्ल्याच्या कामाची सामग्री तिच्याकडे होती, आणि स्टीव्हन्सन हा चिकाटीचा माणूस होता. ७ डिसेंबरला अचलपूर सोडून धामणगावमार्गे तो डोंगरात शिरला. सुमारे ३० मैलांची वाट होती, पण वाट म्हणण्याजोगं काही नव्हतं. शिपायांनी आधी रस्ता खणायचा आणि मग त्याच रस्त्यावरून जड तोफा हातांनी ओढायच्या, दऱ्यांत उतरवायच्या, पुन्हा चढवायच्या. १२ तारखेच्या रात्री तोफांचे मोर्चे उभे राहिले. दक्षिणेला वेलस्लीच्या लोकांनीही मोर्चा बांधला होता, पण जड तोफा डोंगरावर चढेनात, त्यामुळे त्याचा विशेष उपयोग झाला नाही. हे त्यानं आपल्या अहवालात सरळ नोंदवलं आणि श्रेय स्टीव्हन्सनच्या लोकांना दिलं.

सगळं स्वतः पाहणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल! ज्यांनी कधी गणेशमंडळ किंवा कॉलेजचं गॅदरिंग चालवलं असेल, त्यांना ते लगेच कळेल. महत्त्वाचं काम दुसऱ्याला सोपवून पायथ्याशी बसणं ही त्याची 'पद्धत' नव्हती.

१५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा तट फोडून इंग्रज आत शिरले, पण आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून तो चढला आणि आतून दरवाजा उघडला. दरवाज्याजवळ प्रेतांच्या ढिगात राजपूत सरदार बेणीसिंग सापडला.

बेणीसिंगाबद्दल माझं मन दुभंगतं. हा माणूस हटला नाही. त्याचा धनी रघुजी किल्ल्यात नव्हता, मदतीला येऊ शकेल अशी फौज आडगावात मोडली होती, तरी तो दरवाज्यातच राहिला. वेढा पडलाय आणि बाहेरून कुमक येणार आहे, अशा वेळी असाच माणूस हवा. पण कुमक येणार नव्हती. शिवाय दुसरी गोष्ट: किल्ला पडला तर घरातल्या बायकांनीही मरावं, अशी व्यवस्था त्या सरदारांनी करून ठेवली होती. ती अर्धवटच पार पडली. काही जणी मेल्या, काही वाचल्या. शौर्याच्या गोष्टीत हा भाग पटकन उरकतात. स्वतः मरायला तयार असणं हा बेणीसिंगाचा स्वभाव होता. बाकीच्यांच्या वतीनंही तोच निर्णय घेताना त्यांना कोणी विचारलं होतं?

आणि रघुजी? लोकांच्या नजरेत तो मैदानातून निसटलेला राजा. पण किल्ला पडल्यानंतर दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, त्याचा वकील यशवंतराव रामचंद्र यानं देवगावात तह केला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. मात्र नुकताच रक्त सांडून घेतलेला गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले आसपासच्या चार लाखांच्या मुलखासह रघुजीकडे परत आले. बेणीसिंगाला तलवारीनं जे राखता आलं नाही, ते यशवंतरावानं बोलून परत आणलं. यशवंतरावाचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पडेल राजाच्या वतीनं, जिंकणाऱ्याच्या छावणीत बसून, एकेक परगणा सोडवून घेणं हेही नेतृत्वच होतं. त्यासाठी जो थंडपणा लागतो, तो कुठल्याच चाचणीत मोजत नाहीत.

या सगळ्यात वऱ्हाडची रयत कुठं होती, हेही पाहायला हवं. फौजा ज्या शेतांतून गेल्या ती ज्वारी कोणाची तरी होती. त्याच वर्षी दख्खनसह वऱ्हाडात दुष्काळ पडला. दोन्ही बाजूंच्या एकाही सरदाराच्या हिशेबात ती माणसं 'आपली' नव्हती. त्यामुळे वेलस्लीचं कौतुक करताना मी हात थोडा आखडताच घेतो.

याच छावणीत एक २४ वर्षांचा तरुण होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वेलस्लीचा दुभाष्या म्हणून आलेला, मोहिमेवरही पुस्तकं वाचणारा. आडगावला तो वेलस्लीबरोबर होता, गाविलगडाच्या हल्ल्यातही हट्टानं सामील झाला. त्याचं धाडस पाहून वेलस्ली त्याला म्हणाला की, तू चुकीचा पेशा निवडलास, तू शिपाईच व्हायला हवा होतास. २४ व्या वर्षी, विजयी सेनापतीच्या तोंडून असं प्रशस्तिपत्र मिळालं तर कोण पाघळणार नाही?

एल्फिन्स्टननं ते ऐकून घेतलं आणि १८०४ मध्ये नागपूरला, रघुजी भोसल्यांच्या दरबारात, रेसिडेंट म्हणून गेला. पुढे पुण्यात पेशवाईचा शेवट त्याच्या डोळ्यांसमोर आणि बराचसा त्याच्या हातून झाला, तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर हिंदुस्थानचं गव्हर्नर-जनरलपद त्याच्याकडे दोनदा चालून आलं. दोन्ही वेळा त्यानं नकार दिला आणि इंग्लंडमध्ये पुस्तकांत बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, जो १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला.