लोगान–व्हेरिटो
महिंद्र अँड महिंद्रच्या नाशिक कारखान्यात तयार झालेली कुटुंबोपयोगी सेडान मोटार. फ्रान्सच्या रेनोशी भागीदारीतून ती २००७ मध्ये ‘लोगान’ नावाने आली. मूळ आराखडा रेनोच्याच रुमानियातील दाचिया कंपनीचा (२००४). खर्च वाचावा म्हणून मूळ गाडीचे डावे-उजवे आरसे एकसारखेच घडवले होते. डिकी मात्र ५१० लिटरची, घरभराच्या बॅगा-बोचकी गिळणारी. काटकसरी दीड लिटर डिझेल इंजिन हे तिचे खरे बळ. त्यामुळेच टॅक्सीवाल्यांनीही ती उचलली. २०१० मध्ये रेनो बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी गाडी ‘व्हेरिटो’ झाली. २०१२ मध्ये चेहरामोहरा बदलला, सांगाडा तोच राहिला. २०१३ ची ‘व्हाइब’ आवृत्ती करसवलतीसाठी मागून आखडून चार मीटरच्या आत बसवली. त्यात ऐसपैस डिकी गेली, हे मोठेच नुकसान. २०१६ ची ‘ई-व्हेरिटो’ विजेवर धावली.