वॉशिंग्टन चौक, ऑटवा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे १३० किमी.वर, इलिनॉय व फॉक्स या नद्यांच्या संगमाशी वसलेल्या ऑटवा नगरातील ऐतिहासिक चौक. अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादसभांपैकी पहिली सभा २१ ऑगस्ट १८५८ रोजी येथे भरली.

डग्लस हे त्या वेळी सिनेटचे विद्यमान सभासद आणि १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याचे प्रवर्तक होते. नव्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी, याचा निर्णय तेथील गोऱ्या रहिवाशांवर सोपवावा, असा त्यांचा पक्ष होता; तर गुलामगिरी हा मूलतः नैतिक अन्याय असल्याने तिचा नव्या प्रदेशांत प्रसार होऊ देऊ नये, असे लिंकन यांचे प्रतिपादन होते. सिनेटच्या सभासदाची निवड तेव्हा राज्याचे कायदेमंडळ करीत असे, म्हणजे श्रोत्यांना या दोघांपैकी कोणालाही थेट मत देता येणार नव्हते. तरीही आगगाडीने, कालव्यातील नावांनी आणि धूळ उडवीत आलेल्या घोडागाड्यांनी सुमारे दहा हजारांचा, गावच्या वस्तीहून मोठा जमाव येथे लोटला. घाईने उभारलेल्या व्यासपीठाच्या छपरावर काही मंडळी चढून बसली आणि फळ्या मोडून खालच्या स्वागतमंडळींच्या अंगावर कोसळल्या. सभेचा शिरस्ता असा ठरला होता की, पहिल्या वक्त्याने एक तास, दुसऱ्याने दीड तास बोलावे आणि पहिल्याने पुन्हा अर्धा तास उत्तर द्यावे. ही तीन तासांची भाषणे लोकांनी ऑगस्टच्या उन्हात बहुतांशी उभ्यानेच ऐकली.

डग्लस यांनी एक जहाल ठराव वाचून दाखवून तो लिंकन यांच्या पक्षाच्या स्प्रिंगफील्ड येथील सभेचा असल्याचा आरोप केला. तो ठराव वस्तुतः दुसऱ्याच ठिकाणचा होता, हे पुढे वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. पण त्या दिवशी लिंकन यांची बाजू काहीशी बचावाचीच राहिली. आपल्या श्रमाची भाकरी खाण्याच्या हक्कात कृष्णवर्णीय मनुष्य कोणाहूनही उणा नाही, असे ते येथे म्हणाले. आणि त्याच भाषणात दोन्ही वंशांत सामाजिक व राजकीय समता प्रस्थापित करण्याचा आपला मानस नाही, अशीही त्यांनी ग्वाही दिली. या स्थळाचे वर्णन करताना यांपैकी एकच विधान सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. इलिनॉयच्या १८५३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना राज्यात वास्तव्यास येण्याचीच मनाई केली होती; ज्यांच्या स्वातंत्र्याचा हा वाद, त्यांना तेथे मताधिकारही नव्हता.

सभांचे वृत्तांत लघुलेखकांनी टिपून घेतले आणि शिकागोच्या पत्रांनी ते सविस्तर छापले. कायदेमंडळात ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस निवडून आले. परंतु लिंकन यांनी जपून ठेवलेल्या कात्रणांचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडले गेले. महाराष्ट्रातही गुलामगिरीविरुद्धच्या या संघर्षाचे पडसाद उमटले: जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

चौक आज वृक्षाच्छादित उद्यानाच्या स्वरूपात आहे. १९०८ मध्ये, वादसभेच्या पन्नासाव्या वर्षी बसविलेली स्मारकशिला येथे असून कारंज्यामधील दोन्ही वक्त्यांचे कांस्यपुतळे २००२ मधले, शिल्पकर्त्री रिबेका चिल्डर्स कलील यांनी घडविलेले आहेत. सहा फूट चार इंचांचे लिंकन व पाच फूट चार इंचांचे डग्लस यांच्यातील उंचीचा फरक तेथे प्रथमदर्शनीच ध्यानात येतो. विजेता आणि पराजित असा भेद न करता दोघांनाही सारखाच मान दिला आहे, हे उचितच झाले. चौकालगतचा रेडिक प्रासादही पाहण्याजोगा आहे. मात्र वादसभांशी प्रत्यक्ष निगडित असलेली वास्तू पाहण्याची इच्छा असणाऱ्याने पुढे गेल्सबर्गला जावे. तेथील नॉक्स महाविद्यालयाच्या ‘ओल्ड मेन’ या इमारतीला लागूनच पाचव्या सभेचे व्यासपीठ बांधले होते आणि दोन्ही वक्ते तिच्या खिडकीतून त्यावर उतरले होते.