प्रकल्प-नियंत्रण : पैठण–बिडकीन परिसराचा इतिहास

हाती घेतलेल्या बांधकामाची वा योजनेची प्रगती नियत वेळ, खर्च व परिमाण यांच्याशी वेळोवेळी ताडून पाहणे आणि मूळ आराखड्यात करावे लागणारे फेरबदल रीतसर तपासून, मान्य करून व नोंदवून अंमलात आणणे, या दुहेरी कार्यास प्रकल्प-नियंत्रण म्हणतात. यांपैकी पहिला भाग मुख्यतः मोजमापाचा, तर दुसरा निर्णयाचा आहे. पहिल्यासाठी साधने पुष्कळ आहेत व ती फार जुनी आहेत. दुसऱ्यासाठी नियम आहेत, पण फेरबदल झाला आहे हे मुळात कोणी ओळखले, तरच ते लागू पडतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या दक्षिणेस पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पैठण तालुक्यातील बिडकीन हे गाव आहे. या रस्त्याच्या आसपास गेल्या सु. साठ वर्षांत जायकवाडी धरण व त्याचे कालवे, शहरासाठीच्या जलवाहिन्या आणि बिडकीनचे औद्योगिक क्षेत्र अशी तीन मोठी कामे झाली. तिन्ही कामे एकाच जलाशयाशी निगडित आहेत. त्यामुळे या विषयाचा महाराष्ट्रातील इतिहास येथे थोड्या क्षेत्रात एकत्र पाहावयास मिळतो.

सार्वजनिक बांधकाम खात्याची रूढ पद्धती ब्रिटिश अमदानीत घडली आणि पुढे पाटबंधारे खात्यानेही तीच चालविली. तिचा कणा म्हणजे मोजमाप-पुस्तक. त्याची पाने आधीच क्रमांकित केलेली असतात. पान फाडणे वा नोंद खोडून टाकणे निषिद्ध असते. चूक झाल्यास ती वाचता येईल अशी रेघ मारून दुरुस्त करावयाची व शेजारी सही करावयाची, असा दंडक आहे. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर घेतलेली मापे उपअभियंता ठराविक प्रमाणात पुन्हा तपासतो आणि त्या मापांवरून ठेकेदाराचे चालू देयक तयार होते. म्हणजे प्रगतीची नोंद आणि पैशाची नोंद ही एकाच कागदावरून निघते. ही या पद्धतीची मोठी शक्ती होय, आणि मर्यादाही. ज्याचे देयक निघत नाही, त्याचे मोजमापही सहसा होत नाही. मातीचे भराव, दगडी बांधकाम, पोलादाचे वजन या पुस्तकात उतरते; विस्थापित कुटुंबांचे घर उभे राहिले की नाही, किंवा चारीच्या शेवटच्या शेतात पाणी पोहोचले की नाही, हे त्यात उतरत नाही.

फेरबदलांसाठी त्याच व्यवस्थेत वेगळी शिडी आहे. कामास प्रथम प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, आणि त्यानंतर निविदा. निविदेत नसलेले काम करावे लागले, तर ते ‘ज्यादा बाब’ म्हणून वेगळ्या दराने मंजूर करून घ्यावे लागते. खर्च मान्य रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक वाढणार असेल, तर सुधारित प्रशासकीय मान्यता घेणे आवश्यक ठरते. मंत्रालयापासून उपविभागीय कार्यालयापर्यंत तिला ‘सुप्रमा’ असे संक्षेपाने म्हणतात. संक्षेप रूढ होण्याइतकी ती नित्याची झाली, यातच तिच्या इतिहासाचा काही भाग सामावलेला आहे. सुधारित मान्यता ही मुळात थांबून विचार करण्याची जागा होती. कालांतराने ती पुष्कळ ठिकाणी झालेल्या खर्चावर मागाहून उमटणारा शिक्का बनली.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात या विषयाला शास्त्राचे रूप आले. पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की व अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांनी कामाचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांनी दाखविणारे तक्ते प्रचारात आणले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत क्रांतिक मार्ग पद्धती आणि १९५८ मध्ये तेथील नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र-योजनेसाठी ‘पर्ट’ हे तंत्र तयार झाले. परस्परावलंबी कामांच्या जाळ्यातील ज्या साखळीला विलंब झाला असता सर्व प्रकल्पच लांबतो, तिला क्रांतिक मार्ग म्हणतात. १९६७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागाने झालेला खर्च व प्रत्यक्ष झालेले काम यांची एकत्र तुलना करण्याचे निकष ठरवून दिले. भारतात १९८५ साली केंद्र शासनात कार्यक्रम-अंमलबजावणीचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले, आणि २०१५ पासून पंतप्रधानांनी सचिवांसह मोठ्या प्रकल्पांचा दूरदृश्य पद्धतीने आढावा घेण्याची ‘प्रगती’ ही व्यवस्था सुरू झाली.

जायकवाडी प्रकल्प : या प्रकल्पाचे नावच एका मोठ्या फेरबदलाची खूण आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळातील कल्पनेनुसार धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतरच्या पाहणीत धरणाची जागा गोदावरीवरच सु. १०० किमी. वरच्या बाजूस, पैठणजवळ निश्चित झाली. कागदोपत्री व लोकांच्या तोंडी रुळलेले नाव मात्र तसेच राहिले. जलाशयास पुढे संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर हे नाव मिळाले. काम सुरू होण्यापूर्वी केलेला हा बदल अभ्यास करून, पर्याय ताडून व मान्यता घेऊन झाला होता. या परिसरातील पुढच्या अनेक बदलांविषयी असे म्हणता येत नाही.

पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची लांबी सु. १० किमी. व उंची सु. ४१ मी. असून सांडव्यावर २७ दरवाजे आहेत. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घ. मी. व उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घ. मी. इतका आहे. एवढे मोठे मातीकाम दहा-अकरा वर्षांत उरकणे ही त्या काळच्या साधनांचा विचार करता लक्षणीय गोष्ट होय.

मातीच्या धरणांवर क्रांतिक मार्गाची कल्पना पुस्तकातून शिकावी लागत नसे. ती पावसाळाच शिकवीत असे. अशा धरणात नदीच्या प्रवाहाचा भाग अखेरपर्यंत मोकळा ठेवतात आणि पावसाळा ओसरल्यावर एकाच कोरड्या हंगामात तो भरून काढतात. यास घळभरणी म्हणतात. त्या हंगामात भराव पुराच्या पातळीवर गेला नाही, तर नुसते काही आठवडे नव्हे, तर पूर्ण वर्ष वाया जाते. अर्धवट भराव वाहून गेला, तर त्याहून अधिक. म्हणून घळभरणीच्या तारखेवरून मागे मोजत खाणी, यंत्रे, मजूर, सांडव्याचे बांधकाम यांचे वेळापत्रक बसविले जाते. त्याच तारखेच्या आत बुडीत गावे हलविणेही भाग असते. नाथसागराखाली सु. ३५० चौ. किमी. क्षेत्र गेले आणि औरंगाबाद व अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील शंभराहून अधिक गावांवर त्याचा परिणाम झाला. भरावाच्या घनमीटरचा हिशेब दर आठवड्यास होत होता. पुनर्वसनाचा हिशेब असा आठवड्याचा कधीच नव्हता, आणि नव्या गावठाणांतील सोयींविषयीच्या मागण्या धरण पूर्ण झाल्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिल्या.

धरण पूर्ण होणे म्हणजे प्रकल्प पूर्ण होणे नव्हे. डावा कालवा २०८ किमी. व उजवा १३२ किमी. लांबीचा असून पहिल्या टप्प्याचे लागवडीलायक लाभक्षेत्र सु. १ लक्ष ८३ हजार हेक्टर योजिले होते. दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाचा समावेश झाला. उजव्या कालव्याचे पाणी त्या जलाशयास मिळते. कालवे, वितरिका, चाऱ्या व शेतचाऱ्या यांची कामे धरणापेक्षा पुष्कळ लांबली. १९७७ मध्ये जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय विकास संघाचे अर्थसाहाय्य मिळाल्यानंतर लाभक्षेत्राच्या विकासास गती आली, आणि प्रगती मोजण्याचे एककही काही अंशी बदलले : केवळ कालव्याची लांबी न पाहता पाणी शेतापर्यंत कसे नेले जाते, याचाही विचार होऊ लागला. पाणी व जमीन यांच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी ‘वाल्मी’ ही संस्था १९८० मध्ये औरंगाबाद येथे निघाली, ती याच वातावरणात.

सर्वांत खोल फेरबदल मात्र धरणावर वा कालव्यांवर झाला नाही. तो वरच्या खोऱ्यात झाला. ६ ऑक्टोबर १९७५ रोजीच्या महाराष्ट्र-आंध्र प्रदेश करारानुसार पैठणपर्यंतचे गोदावरी खोऱ्यातील सर्व पाणी वापरण्याची महाराष्ट्रास मुभा मिळाली आणि गोदावरी पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात हा करार समाविष्ट झाला. राज्याराज्यांतील वाद मिटला. पण त्या पाण्याची नाशिक, नगर व मराठवाडा यांच्यातील वाटणी हा राज्याचा अंतर्गत प्रश्न उरला. दारणा (१९१६) व भंडारदरा (१९२६) ही धरणे जुनीच होती. पुढील दशकांत गोदावरी, मुळा व प्रवरा यांच्या खोऱ्यांत आणखी साठे उभे राहिले. त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि मोजमाप-पुस्तक होते. प्रत्येक प्रकल्प आपल्या कागदपत्रांपुरता नियमित होता. त्या सर्वांमुळे नाथसागराच्या आवकेत पडणारा फरक मात्र कोणत्याही एका प्रकल्पाच्या फेरबदलाच्या नस्तीत बसणारा नव्हता. जायकवाडीची रचना ज्या जलशास्त्रीय गृहीतावर झाली, ते गृहीत असे हळूहळू बदलत गेले, आणि त्यास सुधारित मान्यता देणारे कोणी नव्हते.

हा बदल उघड झाला तो अवर्षणांत. २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागराचा उपयुक्त साठा संपुष्टात आला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम (२००५) यात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद होती. तिच्या आधारे झालेल्या वादात २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने वरच्या धरणांतून सोडावयाच्या पाण्याचे कोष्टक सुचविले आणि १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने त्यावर निर्णय दिला. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यांवरून तूट ठरवावयाची अशी ही रीत असून जायकवाडीसाठी ६५ टक्के ही मर्यादा त्यातून प्रसिद्धीस आली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. उद्घाटनानंतर सु. चार दशकांनी प्रकल्पाच्या मूळ गृहीताचे असे वार्षिक परीक्षण सुरू झाले.

याच सुमारास राज्यातील सिंचन-प्रकल्पांच्या वाढत्या किमतींचा प्रश्न ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने सिंचनावरील श्वेतपत्रिका काढली, आणि त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विशेष चौकशी पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. सुधारित मान्यता, व्याप्तीतील वाढ आणि मंजुरीचे अधिकार हे त्या चर्चेतील कळीचे मुद्दे होते.

जलवाहिन्या : औरंगाबाद शहरास जायकवाडीहून ७०० व १,४०० मिमी. व्यासाच्या वाहिन्यांतून पाणी येत असे. शहराच्या वाढीबरोबर ते अपुरे पडू लागल्याने खासगी भागीदारीतून ‘समांतर’ नावाची जलवाहिनी-योजना आखण्यात आली. तिचा करार महानगरपालिकेने २०१६ मध्ये संपुष्टात आणला. डिसेंबर २०१९ मध्ये सु. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेस मान्यता मिळाली. तिचा खर्च पुढे सु. २,७४० कोटी रुपयांपर्यंत वाढला. २,५०० मिमी. व्यासाची तिची मुख्य वाहिनी पैठण रस्त्याने येते. जलवाहिनी व रस्त्याचे रुंदीकरण ही दोन कामे एकाच पट्ट्यात आल्याने त्यांच्या समन्वयाचा प्रश्न निर्माण झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जनहित याचिकेत या योजनेच्या प्रगतीचा वेळोवेळी आढावा घेतला व त्यासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून अहवाल मागविले. प्रगतीचे तक्ते न्यायालयात सादर व्हावेत, ही खात्याच्या जुन्या शिडीत नसलेली पायरी होय. नागरिकांच्या दृष्टीने तिचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पण प्रशासनाचे काम न्यायासनाकडे जाणे हे व्यवस्थेच्या निरोगीपणाचे लक्षण मानता येत नाही.

बिडकीन औद्योगिक क्षेत्र : दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत शेंद्रा व बिडकीन येथे नियोजित औद्योगिक नगरी उभारण्याचे ठरले. डिसेंबर २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा वाटा ५१ टक्के व केंद्र शासनाच्या न्यासाचा ४९ टक्के आहे. या नगरीस ‘ऑरिक’ असे संक्षिप्त नाव आहे. शेंद्रा येथील ऑरिक भवनाचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले, आणि ७,८५५ एकरांचे बिडकीन क्षेत्र त्यांच्याच हस्ते २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाले. तीन टप्प्यांच्या या कामाचा एकूण खर्च ६,४०० कोटी रुपयांहून अधिक आहे.

येथील पद्धती जायकवाडीहून पुष्कळ वेगळी आहे. रस्ते, भूमिगत वाहिन्या, वीज व सांडपाण्याची व्यवस्था ही कारखाने येण्यापूर्वीच पूर्ण करावयाची, त्यासाठी एकच एकत्रित ठेका द्यावयाचा आणि देखरेखीसाठी कार्यक्रम-व्यवस्थापक सल्लागार नेमावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. मोजमाप-पुस्तकाच्या जोडीला संगणकीय वेळापत्रके आली. कामाचे टप्पे पाडण्यामागील हेतूही फेरबदलास वाव ठेवण्याचा आहे : पहिल्या टप्प्यातील भूखंडांना कशी मागणी येते, हे पाहून पुढील टप्प्यांची आखणी बदलता येते. विद्युत् वाहनांच्या उद्योगांनी २०२४ च्या सुमारास मोठ्या सलग भूखंडांची मागणी केली, तेव्हा या सवडीचे महत्त्व दिसून आले. सुरुवातीच्या आराखड्यात अशा उद्योगांना आजच्याइतके स्थान नव्हते. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र टप्पे पडले नव्हते. त्यांची शेती एकदाच गेली, आणि रोजगार व व्यवसाय यांची आश्वासने कारखान्यांच्या वेळापत्रकाशी बांधली गेली.

या क्षेत्राचा पाणीपुरवठाही नाथसागरावरच अवलंबून आहे. शेती, शहर आणि उद्योग या तीन मागण्यांचे आराखडे तीन वेगवेगळ्या कार्यालयांत तयार झाले व त्यांची प्रगती वेगवेगळ्या तक्त्यांवर नोंदली गेली. बिडकीनच्या उरलेल्या टप्प्यांतील भूखंड भरत जातील, तसे जलाशयातील बिगरसिंचन आरक्षण आणि डाव्या-उजव्या कालव्यांची आवर्तने यांचा मेळ एकाच साठ्यातून घालावा लागणार आहे. [⟶ गोदावरी, जायकवाडी प्रकल्प].